मॅचबॉक्सची फियाट आणि तिची काळी-पिवळी: जुनी डायकास्ट गाडी हाताने दुरुस्त करताना

जुन्या बाजारात खेळण्यातली गाडी हातात आली की आधी ती उलटी करायची. उडालेला रंग, वाकडं चाक हे सगळं नंतर. पोटावर काय कोरलंय ते आधी वाचायचं. माझ्या गाडीच्या पोटावर इतका मळ होता की ओढणीच्या टोकाने घासल्यावर अक्षरं दिसायला लागली: मॅचबॉक्स, फियाट १५००, मेड इन इंग्लंड, लेस्नी.

"ताई, फॉरेनची आहे. तीनशे."

"चाक वाकडं झालंय दादा. आणि टपावरचं सामान कुठंय?"

"सामान नसलं म्हणून काय झालं, गाडी पळतीये ना!"

पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार आणि रविवार, सकाळी लवकर गेलात तर बरं) हा संवाद झाला आणि दीडशेला सौदा पटला. मुंबईकरांनी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला जावं, फक्त तिथे विकणाऱ्याला माल काय आहे हे तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पुढे जे लिहिलंय ते याच अडीच इंची फियाटवर केलेलं काम आहे. तुमच्या हातात दुसरी कुठली जुनी डायकास्ट (म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली) गाडी असली तरी रीत तीच.

हातात काय आलंय ते ओळखा

जुन्या गाड्यांमध्ये तीन ब्रिटिश नावं वारंवार भेटतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी, १९५६ पासून आलेल्या कॉर्गी, आणि लंडनच्या लेस्नीच्या मॅचबॉक्स. डिंकी-कॉर्गी मोठ्या, साधारण १:४३ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या हिश्शाएवढ्या. मॅचबॉक्स छोट्या. लेस्नीतल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून त्याने तिला तेवढा रोडरोलर करून दिला, आणि त्यातून १९५३ मध्ये ही मालिका निघाली, अशी त्याची गोष्ट सांगतात.

चाकांवरून वय कळतं. सुरुवातीच्या मॅचबॉक्सना धातूची चाकं, मग करड्या प्लॅस्टिकची, मग काळ्या. १९६८ मध्ये अमेरिकेत हॉट व्हील्स आल्या आणि त्यांच्या सुसाट पळणाऱ्या चाकांपुढे लेस्नीची झोप उडाली. १९६९ पासून मॅचबॉक्सनाही बारीक आसाची 'सुपरफास्ट' चाकं लागली. माझी फियाट काळ्या चाकांची, म्हणजे त्याच्या आधीची.

आपल्याकडे आणखी एक नाव सापडू शकतं: निकी टॉइज. डिंकीचे जुने साचे साठच्या दशकात कलकत्त्याला आले आणि त्यांतून या गाड्या निघाल्या. ओतकाम जरा ओबडधोबड, रंग जाड. पण सापडली तर सोडू नका, आणि कृपा करून लगेच खरवडायलाही घेऊ नका.

खरवडायचं की नाही

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. मूळ रंग साठ-सत्तर टक्के शाबूत असेल तर गाडी कोमट पाण्यात साबणाच्या दोन थेंबांनी धुवा, मऊ टूथब्रश फिरवा, आसावर थेंबभर शिलाई मशीनचं तेल सोडा आणि ठेवून द्या. कारखान्यातला रंग एकदा उतरवला की तो गेला. तुम्ही कितीही सफाईने नवा रंग दिलात तरी ती 'रंगवलेली गाडी' होते आणि जाणकाराच्या लेखी तिची किंमत उतरते. हे रिस्टोरेशनच्या उत्साहात पहिल्यांदा कुणालाच ऐकू येत नाही. मलाही आलं नव्हतं.

रंगाचा फरकही बघा. ही फियाट बहुतेक वेळा निळसर हिरव्या रंगात मिळते. लाल रंगाची गिफ्ट सेटमधून आली होती आणि ती दुर्मिळ आहे. लाल दिसली तर खरवडायचा ब्रश नव्हे, भिंग काढा. खिडकीच्या आतल्या कडांना किंवा पोटाच्या सांध्यात हिरवा रंग डोकावत असेल तर कुणीतरी नंतर लाल फासलाय. नसेल तर नशीब काढलंत, आता तिला हात लावू नका.

माझ्या फियाटचा हिरवा रंग जेमतेम चिमूटभर उरला होता, तोही सुटलेला. टपावरचं सामान नाही. अशा गाडीचं मूळपण आधीच गेलेलं असतं, मग तिच्यावर शिकायला आणि मनासारखं करायला हरकत नाही.

एका प्रकाराच्या गाडीला मात्र फुकट मिळाली तरी नको म्हणा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काही डायकास्ट गाड्यांच्या जस्तात शिशाची भेसळ झालेली असे. असा धातू वर्षानुवर्षं आतून फुगतो, त्याला केसासारख्या चिरा पडतात, शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. याला औषध नाही. टपावर बारीक चिरांचं जाळं दिसलं किंवा गाडी थोडी केळ्यासारखी वाकलेली वाटली तर ती तशीच परत ठेवा.

आणि अगदी पहिला प्रयोग तर जुन्या गाडीवर करूच नका. दुकानात दीड-दोनशेला मिळणारी नवी हॉट व्हील्स घ्या, तिच्यावर हात बसवा.

सामान जमवणं

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. हातड्रिल (बोटांत फिरवायचं), १.५, १.६ आणि ३.५ मिमीचे ड्रिल बिट, २ मिमीचा टॅप (छिद्रात आटे पाडायचं हत्यार), सेंटर पंच (धातूवर खूण करायचं टोकदार हत्यार), बारीक कानस, ४००, ८०० आणि १२०० नंबरचा वॉटर पेपर, चिमटा, पेंट रिमूव्हर, जाड रबरी हातमोजे. २ मिमीचे छोटे स्क्रू बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मूठभर मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरही. दुकानदार "कशाला हवेत?" विचारेल. "खेळण्यातली गाडी उघडायची आहे" हे उत्तर दिल्यावर होणारा चेहरा बघण्यासारखा असतो.

उघडणं: रिवेट काढायचा, खांब वाचवायचा

या गाड्यांना स्क्रू नसतात. बॉडीला आतून एक धातूचा खांब ओतलेला असतो, तो पोटाच्या पत्र्यातून बाहेर येतो आणि त्याचं डोकं चेपून अळंबीसारखं केलेलं असतं. ते डोकं काढलं की गाडी उघडते. सोपं वाटतं, आणि नवखे इथेच गाड्या मारतात.

उघडण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. चाकांचा, पोटाचा, काचेचा, आतल्या सीटचा. तीन आठवड्यांनी काच कोणत्या तोंडाने बसते हे आठवत नाही.

मग गाडी जुन्या टॉवेलवर उलटी ठेवा. डोक्याच्या अगदी मध्यावर सेंटर पंचने हलकी खूण करा, नाहीतर बिट घसरतो आणि पोटावरची नेमकी 'लेस्नी' ही अक्षरं ओरखडतो. १.५ मिमीच्या बिटने जेमतेम दोन मिमी खोल छिद्र पाडा. त्यावर ३.५ मिमीचा बिट ठेवून सावकाश, दाब न देता फिरवा. चकचकीत चुरा निघायला लागतो. दर चार-पाच फेऱ्यांनी थांबून बघा. डोक्याची कड पातळ होत होत एका क्षणी कड्यासारखी सुटून बिटावर चढते. तिथे थांबायचं. अजून एक फेरी नको.

विजेचं ड्रिल असेल तर ते कपाटातच राहू द्या. माझ्या पहिल्या गाडीत मी तेच लावलं, बिट खांब खात खाली गेला आणि टपातून बाहेर आला. ती गाडी अजून माझ्या टेबलावर आहे. टपावरच्या भोकात मी पेन्सिल खोचते.

पोट सुटलं की आतले भाग अलगद काढा: काच (सगळ्या खिडक्यांची मिळून एकच असते), सीट, आस आणि काही गाड्यांत सस्पेन्शनची पट्टी. हे सगळं एका झाकणाच्या डबीत. आस दोन्ही टोकांना चेपलेला असतो, म्हणून चाकं सहसा ओढून काढायची नसतात. वाकडा आस काच किंवा सपाट फरशीच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून, करंजीची पारी लाटावी तसा, हलक्या हाताने लाटला की बराचसा सरळ होतो.

रंग उतरवणं

पेंट रिमूव्हर म्हणजे खेळ नाही. गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत, हातमोजे घालून, लहान मुलं आणि मांजर आत कोंडून. स्टीलची जुनी वाटी घ्या, प्लॅस्टिकची विरघळते. फक्त धातूची बॉडी आत ठेवायची. काच, चाकं, टायर यांना त्याचा वासही लागू द्यायचा नाही. पंधरा मिनिटांत रंग सुरकुततो, दुधावरच्या सायीसारखा वर येतो. जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, उरलं तर पुन्हा एकदा.

जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारून त्याची धूळ उडवायची नाही. घासायचं ते ओलंच घासायचं, आणि हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात नाही.

स्वस्तात म्हणून कॉस्टिक सोडा वापरायचा सल्ला बरेचजण देतात. माझा नका म्हणायचा आग्रह आहे. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम असतं. सोड्याचं पाणी या दोन्ही धातूंना खातं. बुडबुडे सुटतात ते हायड्रोजनचे. रात्रभर विसरलात तर सकाळी बॉडी काळी, खरखरीत आणि दाराच्या रेघा पुसट. तसंच चिंच-लिंबाचं. आजीची पितळेची घागर त्याने चकाकते, जस्त मात्र डागाळतं.

रंग निघाल्यावर पितळी तारेच्या मऊ ब्रशने कोपरे साफ करा. ओतकामाची साच्याची रेघ साधारण बॉनेटच्या किंवा टपाच्या कडेने जाते, ती कानशीने अगदी थोडी उतरवा. मग ४०० आणि ८०० नंबरचा पेपर पाण्यात बुडवून. दाराचं हँडल, रेडिएटरची जाळी यांच्यावर पेपर नेऊ नका, या मापात ती एका घासणीत जातात. शेवटी साबणाने धुऊन वाळवा आणि यापुढे बॉडीला बोट लावू नका. बोटाचा तेलकट ठसा प्रायमरखालून उमटतो.

आता खांबाचं काम. उरलेल्या खांबाच्या मध्यात १.६ मिमीचं छिद्र, पाच-सहा मिमी खोल, आणि त्यात २ मिमीचा टॅप. टॅपवर तेलाचा थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. जस्ताचा चुरा आट्यांत गच्च बसतो. जोर केलात तर टॅप आत तुटतो आणि तो काढणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. हे रंगाआधी करायचं, नंतर केलं तर चुरा आणि ओरखडे नव्या रंगावर.

रंग

जुलैत रंगवू नका. हवेत ओल असेल तर स्प्रेचा रंग वाळताना पांढुरका पडतो, काळ्यावर तर राखेसारखी झाक येते. कोकण-मुंबईत दिवाळीनंतर, पुण्यात पाऊस उघडल्यावर आठवड्याने. ऊन डोक्यावर नसताना, वारा नसताना.

बॉडी पेन्सिलच्या टोकावर च्युइंगगम किंवा मळलेल्या कणकेच्या गोळीने अडकवा म्हणजे फिरवता येते. जस्तावर रंग थेट धरत नाही, म्हणून धातूसाठीचा प्रायमर, शक्यतो 'एच' (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा. कॅन कोमट (उकळतं नव्हे) पाण्यात पाच मिनिटं ठेवून दोन मिनिटं हलवा. वीस-पंचवीस सेंमीवरून, फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला हात इतका विरळ की धातू दिसत राहावा. पंधरा मिनिटांनी दुसरा. 'अजून एक मारूया, चमक येईल' असं वाटतं त्याच हाताला रंग ओघळतो. दुसऱ्या दिवशी १२०० चा पेपर ओला करून हलकेच फिरवा.

मूळ निळसर हिरवा परत हवा असेल तर आतल्या बाजूला शाबूत राहिलेला कण घेऊन गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जा, नजरेने जुळवून देतात. मला मात्र टॅक्सी हवी होती.

फियाट म्हटल्यावर मराठी माणसाला पद्मिनी दिसते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हापासून ती डोक्यात होती. काटेकोर वाचक आताच हात वर करतील, म्हणून सांगते: आपली पद्मिनी ही फियाट ११०० डी, आणि माझी ही १५००. पुढचा चेहरा वेगळा, दिवे वेगळे. मला ठाऊक आहे. अडीच इंचात मी तेवढी सूट घेतली.

दोन रंगांत आधी फिका, मग गडद. आधी पूर्ण गाडी पिवळी. ती चांगली दोन दिवस वाळू द्या. मग टपावर मास्किंग टेप, काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने सरळ कापलेली, कारण टेपची मूळ कड धुळीने खरबरीत असते. टेपची कड नखाने दाबून बसवा. टेपच्या कडेवर आधी पुन्हा पिवळाच एक विरळ हात द्या. कुठे फट असेल तर तिच्यात पिवळा शिरतो आणि ती बुजते. मग काळा. काळा अर्धवट ओला असतानाच टेप मागच्या मागे दुमडत काढायची. टप पिवळा, खाली सगळं काळं, मधली रेघ स्वच्छ: हे पहिल्यांदा जमलं त्या संध्याकाळी मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं. कुणाला विशेष काही वाटलं नाही.

नंतर आठवडाभर हात लावायचा नाही. वास पूर्ण गेला की वाळलं.

मीटर, कॅरियर, वळकटी

दिवे आणि बंपरला चंदेरी रंग टूथपिकच्या टोकाने. ब्रश नको, थेंब ठेवायचा आणि तो आपोआप पसरू द्यायचा.

माप काढायची युक्ती: खरी फियाट चार मीटरच्या जवळपास, ही साडेसहा सेंमीच्या आसपास, म्हणजे अंदाजे १:६०. अर्धा मीटर लांबीची नंबरप्लेट इथे ८ मिमी. साठ सेंमीची ट्रंक १ सेंमी. जुन्या टॅक्सीचा बाहेर, डाव्या हाताला लावलेला मीटर दोन-अडीच मिमीचा. तो मी काडेपेटीच्या काडीच्या तुकड्यातून कापला, काळा रंगवला आणि वर लाल कागदाची कातरण, मीटर डाऊन केलेल्या स्थितीत, म्हणजे टॅक्सीत भाडं आहे. चार वेळा चिमट्यातून उडाला. तिसरा अजून खुर्चीखाली कुठेतरी आहे.

हरवलेलं सामान परदेशातल्या विक्रेत्यांकडे नवं बनवलेलं मिळतं, पण टॅक्सीवर इंग्रजी सुटकेसा कशाला? कॅरियर तांब्याच्या बारीक तारेचा, जुन्या चार्जरच्या वायरमधून काढलेला. सामान एम-सीलचं. दोन्ही भाग एकजीव मळा, बोटं ओली ठेवा, आणि वीसेक मिनिटांत आकार द्या. एक ट्रंक, एक गाठोडं आणि एक वळकटी. वळकटी करायला एम-सील पोळीसारखं पातळ लाटून गुंडाळायचं आणि दोन ठिकाणी दोऱ्याने आवळायचं. दोरा बाहेरून रंगवला की पट्टा दिसतो.

नंबरप्लेट वॉटरस्लाइड डेकल कागदावर (पाण्यात भिजवून सरकवत चिकटवायच्या) छापून घेता येते. इंकजेटवर छापली तर पाण्यात टाकण्याआधी वरून क्लिअर स्प्रे मारा, नाहीतर शाई पाण्यात वाहून जाते. पिवळ्यावर काळे अक्षर, एमएच ०१. खऱ्या कुणाच्या गाडीचा नंबर टाकू नका.

काचेवरचे ओरखडे सुती कापडावर ब्रासो घेऊन गोल गोल चोळले की बरेचसे जातात. धीराने, दहा मिनिटं. काच बसवताना फेविक्विक वापरायचं नाही. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी धुकट साय धरते, आणि तुमच्या बोटाचा ठसाही तिथे कायमचा उमटतो. साधं फेविकॉल, सुईच्या टोकाने. वाळल्यावर दिसत नाही.

बंद करणं

काच, सीट, आस, पोट, याच क्रमाने. स्क्रू घट्ट लागला असं वाटलं की अर्धा फेरा मागे. खांब जस्ताचा आहे, आटे सहज सरकतात.

पण बंद करण्याआधी टपाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने वर्ष आणि 'पुन्हा रंगवली' असं कोरा. ही गाडी कधीतरी कुणाच्या तरी हातात जाईल, तुमच्या मुलांकडून किंवा पुन्हा एखाद्या रविवारच्या बाजारातून. घेणाऱ्याला स्क्रू दिसेलच, पण आतही खरं लिहिलेलं असू द्या. विकायचीच झाली तर तोंडानेही तेच सांगायचं.

ठेवायची ती थेट उन्हात नको, पिवळा फिकट पडतो. रबरी टायरच्या गाड्या, म्हणजे बऱ्याच डिंकी-कॉर्गी, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये थेट ठेवू नका. रबर आणि प्लॅस्टिक वर्षानुवर्षं चिकटून राहिले की एकमेकांना खातात. खाली कागदाची घडी घाला. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी, चपलांच्या खोक्यातून निघालेली चालते.

माझी टॅक्सी सध्या टीव्हीच्या शेजारी उभी आहे. परवा एक काका आले होते, त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितली आणि विचारलं, "अगं, पण हिला पुढे दोन दोन दिवे कसे? पद्मिनीला एकेकच असायचा ना?"